विषाच्या कपाटातल्या गोळ्या

नोकरीभर मी लोकांना पहिला प्रश्न एकच विचारला, ‘शौचाला झाली का?’ राम राम, जयभीम, नमस्कार, सगळं त्याच्यानंतर. ऐन दिवाळीच्या अंकात हा विषय काढला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. संपादकांनीच सांगितलं होतं, बाई, कामाबद्दल खरं खरं लिहा. माझं काम मॉर्फिनच्या गोळ्यांचं होतं. ही गोळी दुखणं थांबवते तसं पोटही थांबवते, म्हणून तिच्यासोबत जुलाबाचं औषध द्यावंच लागतं. ते दिलं नाही तर पेशंट चार दिवसांत हात जोडतो, ‘शिस्टर, तुमची गोळी नको, माहं दुखणं बरं.’

यवतमाळ जिल्ह्यात एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता, तिथं मी नर्स होते. आमच्याकडे मॉर्फिन ठेवायचा परवाना होता. जिल्ह्यात ही मोठी गोष्ट होती, कारण बाकीचे दवाखाने त्या गोळीचं नाव काढलं की हात झटकायचे. मॉर्फिन अफूपासून बनतं. त्यामुळे कायदा कडक, कागद फार, आणि चूक झाली तर थेट जेलच. एवढी कटकट कोण घेणार? लोकांना पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणं सोपं. आम्ही मात्र जीप घेऊन गावोगाव फिरायचो. नेरकडची गावं, दिग्रसकडचे तांडे, कधी पार वणीपर्यंत. कॅन्सरचे पेशंट जास्त, त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन जबडा गेलेले तर विचारूच नका. ज्यांना मोठ्या दवाखान्यानं ‘आता घरी न्या’ म्हणून पाठवलं, ते आमचे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमचा जिल्हा रोज पेपरात यायचा. बाहेरून माणसं गाड्या भरभरून यायची, घरं दाखवा म्हणायची, फोटो काढून जायची. आमची जीप गावात शिरली की म्हाताऱ्या आधी पदर नीट करायच्या आणि विचारायच्या, ‘फोटो काढाले आल्या का व माय?’ नाही म्हटलं की त्यांची जरा निराशाच व्हायची.

गोळ्यांचा हिशोब हा आमच्या धंद्याचा जाच. कपाटाला दोन कुलपं, दोन्हींच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. प्रत्येक गोळी कोणाच्या नावानं गेली ते लिहायचं, रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या, पेशंटच्या घरी उरलेल्या गोळ्या मोजायच्या. एकदा दारव्ह्याच्या रस्त्यावर एक गोळी हातातून निसटली आणि जीपमध्ये कुठं गेली कळेना. आमचे ड्रायव्हर रशीदभाई आणि मी, दोघांनी सीटा बाहेर काढल्या, पायपुसणी झटकली, भर उन्हात रस्त्याच्या कडेला सगळी जीप सोलून काढली. रशीदभाई शेवटी वैतागून म्हणाले, ‘शिस्टर, हिरा हाय का ते? दुसरी घ्या नं!’ त्यांना काय सांगू, दुसरी घेतली तर दोन गहाळ होतात. गोळी सीटकव्हरच्या घडीत सापडली. रशीदभाईंनी त्या दिवशी मला चहा पाजला, मला वाटतं माझी कीव आली म्हणून.

आता दुखणं मोजायचं कसं? ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, पेशंटला विचारा, शून्य ते दहा यात तुमचं दुखणं किती? शहाणपण सगळं पुस्तकात. माणसं माझ्याकडे पाहत राहायची. शाळेत मार्क देतात तसं दुखण्याला मार्क द्यायचे म्हणजे काय? ही अडचण वणीच्या एका म्हाताऱ्या खाण कामगारानं सोडवली. मी विचारलं, ‘बाबा, दहापैकी किती?’ तो म्हणाला, ‘दहा-बिहा मले समजत नाई. रुपयात सांगतो. काल सोळा आणे होतं, आज बारा आणे हाय.’ तेव्हापासून मी सगळ्यांना आण्यातच विचारत आले. आणे कधीचे बंद झालेले, पण दुखण्याच्या बाजारात ते आजही चालतात.

आणखी एक म्हातारा आठवतो, दिग्रसकडच्या एका तांड्यावरचा. माणूस भारी दिलदार. त्याच्या घरी गेल्यावर मी गोळ्या मोजल्या तर कमी. मुलाला रागावले, सुनेला रागावले. शेवटी म्हातारा स्वतःच म्हणाला, ‘पाव्हना आलता. त्याचं डोकं दुखे. देल्ली एक.’ मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बाबा, ही काय सुपारी आहे का? तर मलाच म्हणतो, ‘घरात औषध असून पाव्हन्याले नाई कसं म्हनाव?’ तो पाहुणा दुपारभर असा झोपला की त्याची पुसदची बस चुकली, आणि उठल्यावर त्यानं म्हाताऱ्याच्या पाहुणचाराची फार स्तुती केली म्हणे. मी मात्र तो माणूस उठला हेच नशीब समजले.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. कौसल्याबाईंचं नाही नेता येत.

कौसल्याबाई नेरच्या अलीकडच्या एका गावातल्या. पन्नाशी उलटलेली, नवरा नाही, मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर, घरी सून आणि त्या. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. छातीत गाठ निघाली, नागपूरला ऑपरेशन झालं, मग बिजलीचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. गाठ गेली, पण शेकानं काखेतल्या नसा भाजल्या. तो हात सुजून मांडीएवढा झाला आणि खांद्यापासून बोटापर्यंत जळायला लागला. त्यांच्या भाषेत, ‘हातात कोनं वाटलेली मिरची भरली.’ साध्या गोळ्या खाऊन पोटाचा सत्यानाश झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मॉर्फिन सुरू केलं. दर चार तासांनी एक. महिनाभरात बाई ओट्यावर येऊन बसायला लागल्या, भांडायला लागल्या, शेजारणीच्या सुनेच्या चुका काढायला लागल्या. आमच्या धंद्यात याला गुण येणं म्हणतात.

त्याच सुमारास त्या गावात फवारणीचं विष पिऊन एक माणूस गेला, आणि महिना होतो न होतो तोच दुसरा. गावातल्या बायांच्या बचत गटानं मग एक गोष्ट ठरवली. कोणाच्याच घरात फवारणीचं औषध ठेवायचं नाही. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात सगळ्यांच्या बाटल्या ठेवायच्या. ज्याला फवारायचं त्यानं सकाळी मागून न्यायची, उरलेली संध्याकाळी परत आणून द्यायची. कोणत्या साहेबानं सांगितलं नव्हतं, कोणती योजना नव्हती. मला विचाराल तर त्या सगळ्या काळात मी पाहिलेलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच.

किल्ली कोणाकडे? सगळ्या बाया वावरात जाणाऱ्या. दिवसभर घरी असणारी, शेत नसलेली आणि कोणाच्या बापाला न भिणारी बाई एकच. किल्ली कौसल्याबाईंच्या कमरेला आली.

त्यांची देण्याची एक पद्धत होती. माणूस आला की आधी त्याचं तोंड पाहायचं. मग कोणाचं वावर, कोणतं पीक, सोबत कोण, असं इकडचं तिकडचं बोलायचं. मनाला पटलं की किल्ली काढायची. नाही पटलं तर म्हणायचं, ‘किल्ली कुठं ठीवली काय मालूम, बस, चाहा घे, सापडते.’ ती किल्ली कधी कधी दुपारपर्यंत सापडायची नाही. तोवर माणसाला चहा व्हायचा, भाकर व्हायची, शिव्याही व्हायच्या. मी एकदा विचारलं, ‘तोंडावर काय दिसतं तुम्हाला?’ तर म्हणाल्या, ‘दिसते काई तरी. तुमाले नाई का दिसत गोळी देतानी?’ मला खरंच इतकं दिसत नव्हतं.

मग नागपूरहून तपासणीचा कागद आला की रोग आता नाही. सून बिचारी आनंदानं वेडी झाली. तिनं गावभर पेढे वाटले, आमची बुढी बरी झाली म्हणून. पेढे खाऊन झाल्यावर गाव विचार करू लागलं. बरी झाली, तर मग ते दवाखान्याची जीप अजून कायले येते? त्यातच गावातल्या एकानं कंबर दुखते म्हणून कौसल्याबाईंच्या गोळीची रिकामी पट्टी तालुक्याच्या मेडिकलमध्ये नेली आणि हीच द्या म्हणाला. दुकानदार ताडकन उठला. ‘अरे बाप्पा, हे अफूची गोळी होय! कोन घेते तुमच्या गावात?’ संध्याकाळच्या बसनं ती बातमी गावात आली.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण तेवढी समजली तर माझी नोकरी वसूल झाली. शरीराला सवय होणं वेगळं आणि जिवाला चटक लागणं वेगळं. मॉर्फिन महिनोन्‌महिने घेणाऱ्या कोणाचीही गोळी एकदम तोडली तर त्याला थंडी वाजते, नाक गळतं, अंगावर काटा येतो, पोट बिघडतं. पुण्यवंताला, पाप्याला, जजलासुद्धा. हा शरीराचा धर्म झाला. म्हणून गोळी कमी करायची तर हळूहळू करतात. आणि रोग जाऊन दुखणं राहतं, असंही होतं. आग विझली तरी जळलेलं घर जळलेलंच राहतं ना? हे मी कौसल्याबाईंना सांगितलं होतं. गावाला सांगायचं राहिलं, कारण गावाला विचारून गोळी द्यायची नसते.

गटाची अध्यक्ष रंजना नावाची तिशीतली बाई होती. वाईट नव्हती, उलट फार कर्तव्याची. पण कर्तव्याच्या माणसांचा मला जरा धाक वाटतो. तिच्याकडे लोक येऊन म्हणू लागले, जी बाई स्वतः अफू खाते तिच्या हातात गावाच्या विषाची किल्ली कशी? रंजनानं गटाची बैठक घेतली. तिनं कौसल्याबाईंना काय म्हटलं ते मला नंतर दोघींनीही सांगितलं, आणि दोघींचं सांगणं सारखंच होतं.

‘मोठीमाय, तुमी खराब हा असं आमी म्हनत नाई. पन लोकायचं तोंड बंद झालं पायजे. आठ दिवस गोळी नका घेऊ. नशा नसन, तं काई होनार नाई. झालं तं मंग लोकं खरं म्हनतात.’

कौसल्याबाईंनी कमरेची किल्ली काढली, घरून गोळ्यांचा डबा आणला आणि दोन्ही रंजनासमोर ठेवलं. ‘ठीव कपाटात. आठ दिवसानं दे.’ विष आणि गोळ्या एकाच कुलपात गेल्या. किल्ली रंजनाकडे राहिली.

आमची पंधरवड्याची फेरी योगायोगानं तिसऱ्या दिवशी आली. कापूस फुटला होता. त्या दिवशी पाटलाच्या वावरात सीतादही होती, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा. वावरात दहीभात ठेवून, हात जोडून मग बाया वेचायला लागतात. गावातल्या झाडून सगळ्या बाया तिकडे गेल्या होत्या, कौसल्याबाईंची सूनसुद्धा. ओटा रिकामा दिसला तशी मी हाक न मारताच घरात शिरले.

आत बाई गोधडीखाली होत्या. बाहेर उकडत होतं आणि त्या कुडकुडत होत्या. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, हातावर काटा उभा. ज्या बाईला मी दर फेरीत जुलाबाचं औषध देत होते, तिला जुलाब लागले होते. त्या सगळ्यात तो हात जळतच होता.

‘किती आणे?’ मी विचारलं.

‘रुपयाच्या बी वर गेलं, शिस्टर,’ त्या म्हणाल्या. ‘पन तीन दिवस झाले. पाच राह्यले.’

त्यांनी सगळी हकीकत सांगितली. मी त्या वेळी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रशीदभाई पाठ फिरवून बाहेर गेले, एवढंच सांगते. त्यांच्या मोबाईलला त्या गावात फक्त हापशीजवळ रेंज यायची. तिथं उभी राहून मी डॉक्टरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, लगेच सुरू करा, पण अर्ध्या गोळीपासून, आणि त्यांना एकटं सोडू नका. माझ्या पेटीत गोळ्या होत्या, पण त्या पुढच्या गावातल्या माणसांच्या नावाच्या, त्यांच्या दुखण्याच्या. कौसल्याबाईंच्या नावाच्या गोळ्या समाजमंदिरात कुलपात होत्या. मी म्हटलं, मी घेऊन येते. त्या गोधडी गुंडाळून उठल्या. ‘मी बी येते. माह्या गोळ्या हाय.’ मी नको म्हणत असतानाच त्यांनी चपला घातल्या.

रंजना समाजमंदिराच्या मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. किल्ली घेतल्यापासून तिला वावरात जाता येत नव्हतं, आणि तो वैताग तिच्या तोंडावर दिसत होता. कौसल्याबाईंना कपाटाच्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलं, रंजना मागोमाग आत आली आणि मी सरळ विषयाला हात घातला.

‘रंजनाताई, डबा काढा.’

‘आठ दिवसाचं ठरलं हाय, शिस्टर.’

‘कोणी ठरवलं? गोळ्या यांच्या नावाच्या आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या आहेत. हे बघा, यांची काय हालत झाली!’

‘तेच तं म्हनते मी. पाहा नं हालत! नशा नोती तं अशी हालत काहून झाली?’

मी तिला समजावू लागले. शरीराची सवय, जिवाची चटक, वर लिहिलं ते सगळं. ती ऐकत होती, पण तिचं एकच. ‘तुमी जीपमंदी बसून चालल्या जासान. मले गावात राहाचं हाय. उद्या लोकं म्हनतीन, रंजनानं नशेची गोळी देल्ली.’

एवढ्यात गजानन आला. गावातला मजूर, दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणी करायचा. ‘ताई, बाटली दे,’ म्हणाला. रंजनानं माझ्याशी बोलता बोलताच किल्ली लावली, कपाट उघडलं, बाटली काढून त्याच्या हातात दिली. तिचं तोंड माझ्याकडे होतं. वरच्या फळीवर गोळ्यांचा डबा मला दिसला, मी हात पुढे केला, तर तिनं आडवा हात घातला. ‘हात नका लावू, शिस्टर.’ गजानन वळून चालायला लागला.

‘गजू,’ भिंतीजवळून आवाज आला.

तो थांबला. कौसल्याबाईंचे दात वाजत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या त्याच्याकडेच पाहत होत्या.

‘पंप कुठं हाय रे?’

‘वावराच्या धुऱ्यावर ठीवला, मोठीमाय.’

‘कोनाच्या धुऱ्यावर?’

‘पाटलाच्या.’

‘पाटलाच्या वावरात आज सीतादही हाय. साऱ्या बाया तिथं वेचून राह्यल्या. बायायच्या डोक्स्यावर फवारशीन का?’

गजाननानं बाटली पाठीमागे घेतली. त्याच्या पाठीवर पंप नाही हे मलाही दिसलं होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. रंजना तशीच उभी राहिली, कपाट उघडं.

‘इकडे ये,’ कौसल्याबाई म्हणाल्या. ‘बस माह्यापाशी. मले थंडी वाजून राह्यली, उठता येत नाई. तूच ये.’

तो आला आणि बसला. त्यांनी चांगल्या हातानं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि मग मनगट धरून ठेवलं. त्यानं हिसडा दिला असता तर ती बाई पडली असती. त्यानं दिला नाही. नुसती मान हलवत राहिला, कोणाला तरी नाही म्हणत असल्यासारखा. काय झालं, कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

‘म्या देल्ली,’ रंजना म्हणाली. ‘माय व, म्या माह्या हातानं देल्ली.’ तिनं किल्ली कौसल्याबाईंच्या मांडीवर ठेवली. ‘तुमीच ठीवा. मले नाई होत हे काम, मोठीमाय.’

रशीदभाई तोवर आत आले होते. काही न विचारता ते गजाननजवळ खाली बसले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. मग कौसल्याबाईंनी त्याचं मनगट सोडलं. माझा आधार घेऊन उठल्या, बाटली आत ठेवली, गोळ्यांचा डबा काढला, कपाट लावलं आणि किल्ली परत रंजनाच्या हातात दिली.

‘किल्ली तूच ठीव. आता तुले समजलं. पन ह्या गोळ्या माह्या हाय. दुखनं माहं हाय, तं गोळी बी माह्याच घरात राहीन. गटाले सांगजो.’

रंजना हो म्हणाली की नाही मला आठवत नाही. तिनं माठातलं पाणी आणून दिलं आणि मी गोळीचे दोन तुकडे केले, एवढं आठवतं. रशीदभाई गजाननला जीपमध्ये घेऊन बसले. संध्याकाळी आम्ही त्याला सोबत दवाखान्यात नेलं, डॉक्टरसाहेब त्याच्याशी बराच वेळ बोलले, पुढेही बोलत राहिले. बाकीचं त्याचं तो सांगेल. आज तो आहे, दोन पोरींची लग्नं केली, तेवढं मला माहीत आहे.

घरी आल्यावर मी कौसल्याबाईंना झोपवलं आणि शेजारी बसले. अर्ध्या गोळीनं तास गेला तशी थंडी उतरली, काटा बसला. त्यांचा श्वास जरा सावकाश झाला आणि मग माझा राग बाहेर आला. म्हटलं, बाई, तुम्हाला मी सगळं समजावून सांगितलं होतं. एकदम तोडायची नाही म्हणून दहादा बजावलं होतं. तुम्ही सगळ्या गावाला पुरून उरणाऱ्या, आणि त्या रंजनाचं ऐकलंत? लोक काय म्हणतील म्हणून?

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

‘लोकायसाठी नाई केलं, शिस्टर. लोकं गेले उडत. मलेच पाहाचं होतं.’

‘काय पाहायचं होतं?’

‘नशेबाज तं नाई न मी? रोज डबा उघडतानी वाटे. दुखते म्हनून घेते का चांगलं वाटते म्हनून घेते? तुमी गोळ्या मोजता, गाव तोंड पायते, सून चोरून पायते. मंग मी बी मलेच पाहाले लागली. अन् नागपूरचा डॉक्टर म्हने रोग नाई.’ त्यांनी सुजलेला हात जरासा उचलून पाहिला आणि खाली ठेवला. ‘म्या म्हटलं, रोगच नाई तं दुखनं बी खोटंच असन.’

नोकरीत मी खूप मरणं पाहिली. सवयीनं डोळे कोरडे राहायला शिकले होते. त्या दिवशी ते जमलं नाही. मी त्यांचा तो हात, हळूच, खालून आधार देऊन माझ्या मांडीवर घेतला.

‘खोटं नाही,’ मी म्हटलं.

‘परत म्हना,’ त्या म्हणाल्या.

मी परत म्हटलं.